पोटातलं बाळ माणूस धरायचं की नाही, आणि मी दुटप्पी आहे का?

बीड जिल्ह्यातल्या एका पोरीचं पत्र आलंय, संभाजीनगरला एलएलबी करते, दुसरं वर्ष चालू आहे. पत्र लांबलचक आहे म्हणून कापून देते:

"काकू, कॉलेजच्या डिबेटमधे मी गर्भपाताच्या हक्काच्या बाजूनं बोलले. म्हणलं गर्भ ही कायद्यानं व्यक्तीच नाही, त्यामुळं निर्णय फक्त बाईचा. कोणीतरी व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर टाकला आणि मावसभावानं मला सगळ्यांसमोर धरलं. म्हणला, गर्भ कोणीच नसेल तर मुलीचा गर्भ पाडला की तुझं डोकं का फिरतं? दुसरं, गेल्या महिन्यात ताईच्या स्कूटीला दारू पिलेल्या पिकअपवाल्यानं उडवलं, ताई वाचली पण सातव्या महिन्यातलं बाळ गेलं, तवा पोलीस स्टेशनात 'त्यानं खून केला' म्हणून तूच ओरडत होतीस ना? तिसरं, आमचा चुलतभाऊ वारला, वहिनीला चौथा महिना आहे, आणि वकील म्हणायलेत की पोटातल्या बाळाचा पण शेतात हिस्सा राहतो. भाऊ म्हणला जे नाहीच त्याला दोन एकर कसं काय भेटतं? मला उत्तर आलं नाही. तो म्हणतो गर्भपात म्हणजे खून, एवढं सरळ आहे. खरं सांगा काकू, मी दुटप्पी आहे का?"

बाई, आधी हे की भावाला येडं समजू नको, प्रश्न त्याचे चांगले आहेत, तुमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांना सुचले नसते. आणि तू अडकलीस कारण सगळं वजन तू एकाच खुंटीवर टाकलंस, की गर्भ व्यक्ती नाही, विषय संपला. ती खुंटी हलली की तुझं सगळं भाषण खाली. आपल्या कायद्यानं तसं केलेलंच नाही, त्यानं हा प्रश्न असा एका फटक्यात कुठंच सोडवलेला नाही, आणि माझ्या मते ते बरंच केलंय.

शेतापासून धरू, कारण ते सगळ्यात सोपं आहे. हिंदू वारसा कायदा १९५६, कलम २०. माणूस मेला तवा जे मूल पोटात होतं आणि नंतर जिवंत जन्मलं त्याला वारसाहक्क असा मिळतो जणू ते बाप मरायच्या आधीच जन्मलं होतं. यातला 'जिवंत जन्मलं' हा तुकडा तुझ्या भावानं गाळला. गर्भाला दोन एकर मिळालेलं नाही, जन्मणाऱ्या बाळासाठी जागा राखून ठेवलीय, बाळ जन्मलंच नाही तर तो हिस्सा कधी नव्हताच असं धरतात. वाटणीचा जुना नियम पण तसाच, पोटातल्याचा हिस्सा न ठेवता वाटणी उरकली तर जन्मल्यावर ती परत उघडता येते. (वहिनीला सांग, फेरफाराला कोणी घाई करायलं असेल तर सही करायची नाही, तलाठ्याकडं लेखी हरकत द्यायची. आणि मुलगी झाली तरी हिस्सा तेवढाच, २००५ च्या दुरुस्तीनंतर हा वाद संपलाय.)

आता त्याच वहिनीचं दुसरं टोक बघ, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. एमटीपी कायदा, म्हणजे गर्भपाताचा कायदा, १९७१ चा, २०२१ ला त्यात दुरुस्ती झाली. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं, २० ते २४ ला दोन डॉक्टरांचं आणि ते पण ठराविक बायकांसाठी, आणि त्या यादीत गरोदरपणात विधवा झालेली किंवा घटस्फोट झालेली बाई आहे. म्हणजे वहिनीची इच्छा असेल आणि डॉक्टरांचं मत पडलं तर २४ आठवड्यांपर्यंत ती मोकळी होऊ शकते, सासऱ्याची दिराची कोणाची परवानगी लागत नाही, सज्ञान बाईची फक्त स्वतःची संमती. आणि तिला बाळ ठेवायचं असेल तर त्याच बाळाचा बांधावरचा हिस्सा कायदा राखून ठेवतो आणि दिरानं दमदाटी करून किंवा जेवणात गोळी घालून गर्भ पाडला तर बीएनएस (आयपीसीच्या जागी आलेली नवी भारतीय न्याय संहिता) कलम ८९, जन्मठेपेपर्यंत शिक्षा. गर्भ एकच, बाई एकच, आणि कायदा तिन्ही ठिकाणी वेगळं बोलतो असं वरवर दिसतं. पण तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे, वहिनीला काय पाहिजे ती. बाळाला ती हो म्हणत असेल तर कायदा तिच्या मागं उभा राहतो, नाही म्हणत असेल तरी बऱ्याच मर्यादेपर्यंत राहतो.

आपल्याकडं सोयाबीनला भाव नाही म्हणून शेतकरी उभ्या पिकात रोटाव्हेटर घालतो तवा त्याच्यावर कोणी केस करत नाही, आणि शेजाऱ्यानं त्याच पिकात रात्री जनावरं सोडली की पंचनामा होतो, तिथं कोणी विचारत नाही की पीक ही मौल्यवान गोष्ट आहे का नाही ते एकदा ठरवा. मूल म्हणजे सोयाबीन नाही हे मला कळतं, म्हणून हे उदाहरण इथंच सोडते, पण कोणी केलं आणि कोणाच्या मर्जीनं केलं यानं गुन्हा बदलतो ही गोष्ट तुझ्या भावाला गावातच दिसली असती.

आता ताईचं. हे लिहिताना मला जड जातंय पण तू विचारलंस म्हणून सांगते. ताईच्या बाळासाठी 'खून' ही कायद्याची भाषा होत नाही. बीएनएस कलम १०० चं तिसरं स्पष्टीकरण, आईच्या पोटातल्या मुलाचा मृत्यू घडवणं हा मनुष्यवध नाही, हे १८६० च्या आयपीसीपासून तसंच आलंय (बाळाचा काही भाग बाहेर आला असेल तर गोष्ट वेगळी). पण म्हणून त्या बाळाचं काहीच नाही असं पण नाही. कलम ९२ आहे, जुनं ३१६. समोरची बाई मरू शकते हे माहीत असून एखाद्यानं असं कृत्य केलं की ती मेली असती तर सदोष मनुष्यवध झाला असता, आणि ती वाचली पण हालचाल करायला लागलेलं पोटातलं बाळ गेलं, तर १० वर्षांपर्यंत शिक्षा. किती दारू होती, वेग किती होता, कशी गाडी घातली यावर हे कलम टिकतं का नाही ते ठरेल. पोलिसांनी नुसतं भरधाव गाडीचं कलम लावून सोडलं असेल तर वकिलामार्फत लेखी मागणी करा की ९२ तपासा.

आणि तू ओरडलीस ते बरोबरच ओरडलीस. सात महिने ताईनं ते बाळ हवं म्हणून वाढवलं होतं. तिच्यासाठी तो तिचा मुलगा किंवा मुलगी होती. दुःखाला आयपीसी बघून शब्द निवडायची सक्ती नसते बाई, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर नाहीच नाही. उगं स्वतःला त्या ओरडण्यावरून दोष देत बसू नको.

राहिला मुलीच्या गर्भाचा प्रश्न, आणि तुझ्या भावाचा हा प्रश्न सगळ्यात अवघड आहे, बीडच्या माणसानं विचारला म्हणून तर जास्तच. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं बीड जिल्ह्यात ८०७ मुली होत्या, राज्यात सगळ्यात कमी, दहा वर्षं आधी ८९४ होत्या. २०१२ ला परळीत एक बाई गर्भपात करताना मेली आणि मग तिथलं मुलींचे गर्भ पाडायचं सगळं बाहेर आलं, त्या केसमधे २०१९ ला डॉक्टर नवराबायको आणि मेलेल्या बाईचा नवरा अशा तिघांना १० वर्षांची शिक्षा झाली. तू त्याच मातीतली आहेस, राग येणारच.

पण तू डिबेटमधे सांगितलेल्या कारणानं हा राग बसवता येत नाही हे भावाचं म्हणणं खरं आहे. मग कशानं बसतो? पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंग तपासणीला बंदी घालणारा कायदा, १९९४ चा (महाराष्ट्रानं त्याआधीच १९८८ ला स्वतःचा केला होता, देशात पहिला), तो नीट वाच. वर्गात नोट्समधून वाचतात तसा नको, कलमं उघडून वाच. तो गर्भपाताला हातच लावत नाही, तो टेस्टला पकडतो. लिंग बघणं, सांगणं, सांगायला लावणं, जाहिरात करणं, सोनोग्राफीच्या नोंदीचा फॉर्म एफ न भरणं. आणि कलम २४ बघ, कोर्टानं असं धरूनच चालायचं की गरोदर बाईला नवऱ्यानं किंवा नातेवाइकांनी टेस्ट करायला भाग पाडलं, तसं नव्हतं हे त्यांनी सिद्ध करायचं. तिला शिक्षेतून वगळलंय. म्हणजे हा कायदा मुलीच्या गर्भाला व्यक्ती करून तिचा वकील होत नाही, बाईच्या पोटावर सासरचा हात पडतो तो हात धरतो. तू हेच म्हणायला पाहिजे होतंस, की मला राग येतो तो त्या हाताचा, आणि पोरींची संख्या अशी घटली की त्याचा भोग जिवंत पोरींनाच भोगावा लागतो त्याचा.

आता भावानं अजून एक पाऊल टाकलं तर तू परत अडकशील म्हणून आधीच सांगून ठेवते. तो म्हणेल, एखाद्या बाईला कोणी जबरदस्ती केली नाही, तिलाच स्वतःला मुलगी नको, मग? किंवा, मुलगी म्हणून पाडणं वाईट आणि व्यंग आहे म्हणून २४ आठवड्यांनंतर पण पाडायला मेडिकल बोर्ड परवानगी देतं, हे कसं? अपंग माणसांच्या चळवळीतले लोक हे विचारतात आणि त्यांचा मुद्दा खोटा नाही. इथं गुळगुळीत उत्तर देऊ नको. सांग की हो, इथं माझं तत्त्व ताणलं जातं. माझं स्वतःचं मत विचारशील तर त्या एकट्या बाईला जेलमधे घालायला मी तयार नाही, टेस्ट विकणाऱ्याला घालायला तयार आहे. आणि व्यंगाच्या बाबतीत बोर्डापुढं बसलेली आई पुढं किती वर्षं एकटी निस्तरणार आहे हे मला माहीत असतं, सरकारकडून तिला काय मिळतं ते पण माहीत असतं. हे पूर्ण उत्तर नाही, पण प्रामाणिक आहे.

एवढं झाल्यावर आता जरा भावाकडं वळ, कारण दुटप्पीपणाची परीक्षा एकट्या तुझीच का. 'खून, सरळ' म्हणतो ना? त्याला विचार, बलात्कारातून राहिलं तर? बहुतेक म्हणेल ते वेगळं. का वेगळं? पोटातलं बाळ कोणाचं आहे यानं ते कमी माणूस होतं का? आईचा जीव जात असेल तर? खून असेल तर मग गोळी घेणाऱ्या बाईला जन्मठेप द्यायची का, तिला घेऊन गेलेल्या तिच्या आईला सहआरोपी करायचं का? अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं १९७३ ला गर्भपाताचा हक्क देणाऱ्या रो विरुद्ध वेड निकालात टेक्सासला साधारण हेच तळटीपेत विचारलं होतं, की गर्भ व्यक्ती असेल तर तुमच्याच कायद्यात आईच्या जिवासाठी सूट कशी आणि शिक्षा खुनापेक्षा कमी कशी. तो निकाल २०२२ ला डॉब्स केसमधे रद्द झाला पण प्रश्न तसाच राहिला. आणि कोणी खरंच शेवटपर्यंत एकवाक्यता ठेवायची ठरवली की काय होतं ते अलाबामात दिसलं, फेब्रुवारी २०२४ ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं म्हणलं की फ्रीझरमधले आयव्हीएफचे (टेस्ट ट्यूब बेबीचे) भ्रूण पण मुलंच, तर आयव्हीएफ क्लिनिकांनी काम थांबवलं, आणि ज्यांना मूल पाहिजे होतं तेच दारात अडकले, मग मार्चमधे विधानसभेनं घाईनं क्लिनिकांना संरक्षण देणारा कायदा केला. आता आपल्या मराठवाड्यात पण टेस्ट ट्यूब बेबी सेंटरच्या पाट्या कमी नाहीत, भावाला विचार तिथं किती खून चाललेत.

आयर्लंडचं तर तुला माहीत असेल. त्यांनी १९८३ ला घटनेतच लिहिलं की आईचा आणि पोटातल्याचा जगायचा हक्क समान. ऐकायला किती चांगलं. आपल्या बेळगावची सविता हलप्पनवार २०१२ ला तिथल्या दवाखान्यात होती, १७ आठवड्यांची गरोदर, गर्भ टिकणार नाही हे दिसत होतं, ती मोकळं करा म्हणत होती, पण बाळाचे ठोके चालू आहेत म्हणून थांबवलं आणि जंतुसंसर्ग अंगात पसरून ती मेली. २०१८ ला लोकांनी मतदान करून ते कलम काढलं. समान हक्क म्हणताना दोघांपैकी एकीच्या शरीरातच दुसरा आहे हे विसरलं की असं होतं.

म्हणून पुढच्या वेळी 'व्यक्ती नाही' वर उभी राहू नको. भावाला म्हण, चल तुझं मान्य, व्यक्ती आहे असं धर. जन्मलेलं, शाळेत जाणारं, नाव असलेलं पोरगं आहे, त्याला किडनी पाहिजे आणि बापाची जुळते, कायदा बापाला टेबलावर झोपवतो का? नाही झोपवत, अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यात बापाच्या संमतीशिवाय काही होत नाही, रक्ताची एक बाटली पण जबरदस्तीनं काढता येत नाही. बापाला आपण वाईट म्हणू, कदाचित तोंड पण बघणार नाही, पण हात बांधून किडनी काढणार नाही. मग नऊ महिने अख्खं शरीर द्यायची सक्ती एकट्या बाईलाच का? यावर तो काय म्हणतो ते मला कळव, खरंच ऐकायचंय.

हा मुद्दा पण सगळीकडं पुरत नाही हं. ऑक्टोबर २०२३ ची सुप्रीम कोर्टाची केस बघ, दोन मुलांची आई, अंगावर पाजत असताना दिवस गेले आणि कळलंच नाही, कळेपर्यंत २० च्या वर आठवडे झालेले, मानसिक आजाराच्या गोळ्या चालू. आधी परवानगी मिळाली, मग एम्सच्या डॉक्टरांनी विचारलं की बाळ जिवंत जन्मू शकतं, ठोके थांबवायचे का, मग दोन न्यायमूर्तींची मतं फुटली आणि शेवटी तीन न्यायमूर्तींनी नकार दिला, कारण २४ आठवडे उलटलेत, आईच्या जिवाला तातडीचा धोका नाही, गर्भात मोठं व्यंग नाही. इथं 'गर्भारपण थांबवणं' आणि 'बाळ थांबवणं' या दोन गोष्टी पहिल्यांदा वेगळ्या होतात, आणि माझं पण मन इथं थबकतं. सात आठवडे आणि सात महिने मला सारखे वाटत नाहीत. कायद्याला पण वाटत नाहीत, गर्भ पाडण्याच्या बीएनएस कलम ८८ मधे बाळ हलायला लागायच्या आधी तीन वर्षं आणि नंतर सात वर्षं अशी शिक्षा आहे. काहीच नाही आणि पूर्ण माणूस यांच्या मधे मोठी जागा आहे आणि तिथं उभं राहणं म्हणजे दुटप्पीपणा होत नाही.

उलटं उदाहरण पण ठेव. एप्रिल २०२४, मुंबईतली १४ वर्षांची पोरगी, अत्याचारातून गरोदर, जवळजवळ ३० आठवडे. २२ तारखेला सुप्रीम कोर्टानं परवानगी दिली, २९ ला तीच मागं घेतली. टीव्हीवाल्यांना वाटलं कोर्ट पलटलं. पण आई-बापानं मन बदललं होतं, पोरीनं पण बाळ ठेवायचं म्हणलं, आणि कोर्टानं सांगितलं की गरोदर असलेल्याच्या संमतीला पहिलं महत्त्व. दोन उलटे आदेश, नियम एकच.

कायदा खरंच कुठं विसंगत आहे ते पण सांगते, तिथं बिनधास्त बोट ठेव. पीसीपीएनडीटी बाईला वगळतो आणि बीएनएस ८८ मधे स्वतःचा गर्भ पाडणारी बाई स्वतःच गुन्हेगार आहे, १८६० चं तसंच उचलून २०२३ च्या नव्या संहितेत ठेवलंय. एमटीपी कायदा भाषणात हक्क म्हणून सांगतात पण वाचला तर ती डॉक्टरला दिलेली सूट आहे, निर्णयाची किल्ली डॉक्टरच्या खिशात. आपल्याच मुंबई हायकोर्टानं २०१६ ला म्हणलं की मानवी हक्क जन्मानंतर लागू होतात, आणि सुप्रीम कोर्टानं २००९ ला मूल ठेवायचं का नाही हे घटनेच्या कलम २१ मधलं, म्हणजे जगण्याच्या हक्कातलं स्वातंत्र्य आहे म्हणताना जन्माला येऊ शकणाऱ्या बाळात सरकारचं पण हित आहे असं सोबत जोडलं. आणि आठवड्यांची रेघ सगळ्यांना सारखी म्हणतात, तर ऊसतोडीला गेलेल्या बाईला विचार, ऑक्टोबरला कोयता घेऊन निघालेली मार्चला परत येते, फडात सोनोग्राफी कुठून, गावात येऊन पहिल्यांदा डॉक्टर बघेपर्यंत तिचे आठवडे संपलेले असतात. पुढच्या डिबेटला हे घे, यावर बोलणारं तुमच्या वर्गात कोणी नसेल.

तर दुटप्पी आहेस का, नाही. अर्धवट तयारी करून बोललीस, एवढंच.

ताईच्या कामाला मात्र डिबेटच्या आधी लाग. डिस्चार्ज कार्ड, अपघाताच्या आधीच्या सगळ्या सोनोग्राफी, माता बाल कार्ड, बाळाच्या पोस्टमॉर्टेमचे कागद असतील तर ते, पिकअपवाल्याच्या दारूच्या तपासणीचा रिपोर्ट, सगळ्याच्या कॉप्या काढा. मोटार अपघात न्यायाधिकरणात ताईच्या जखमांसोबत गेलेल्या बाळाची भरपाई पण वेगळी मागा, काही हायकोर्टांनी ती दिलेली आहे, वकील नाही म्हणला तरी अर्जात लिहायला लावा. अर्जाला कायद्यानं अपघातापासून सहा महिने दिलेत, त्यातला एक तुमचा पोलीस स्टेशनच्या चकरांमधेच गेलाय.